वयाची अट गेली, बाकीच्या अटींचं काय?

एमबीबीएसच्या प्रवेशाला आता वयाची वरची मर्यादा नाही. खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गांना ३० वर्षं ही अट काही वर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकून होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती काढून टाकली आणि २०२२ च्या नीटपासून कुठल्याही वयाचा माणूस ही परीक्षा देऊ शकतो. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण, एवढीच वयाची अट उरली. त्यामुळे ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत, ठाण्याच्या बँकांत, तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या माणसांसाठी हा विचार आता नुसता मनातला राहिलेला नाही. घरात शाळेत जाणारं मूल, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता, म्हातारे आईवडील, आणि डॉक्टर व्हायचं राहून गेल्याची जुनी बोच.

अशा माणसाला दोनच सल्ले मिळतात. एक, जिद्द असेल तर वय आड येत नाही. दोन, या वयात हे काय खूळ. दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी हिशेब मांडलेला नसतो. ओडिशात बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी २०२० साली, ६४ व्या वर्षी, सरकारी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला, ही बातमी देशभर गाजली. त्यांचं कौतुक करावंच. पण निवृत्त माणसाला पेन्शनचा आधार असतो. पस्तिशीतल्या संसारी माणसाने त्या बातमीवरून स्वतःचा निर्णय घेऊ नये.

माझं म्हणणं असं आहे. संसारात पडलेल्या माणसाने डॉक्टर व्हायला निघणं समाजाच्या फायद्याचं आहे आणि त्याला वाट करून द्यायला हवी. मात्र आजच्या व्यवस्थेत ते जवळपास एकाच मार्गाने परवडतं: सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातली जागा, आणि तीही घरून रोज ये-जा करता येईल किंवा घरच तिथे हलवता येईल अशा ठिकाणी. शासनाने वयाची अट काढली, पण हजेरी, रजा, विद्यावेतन आणि नोकरभरती यांचे नियम अजून अठरा वर्षांच्या, एकट्या, आईवडिलांच्या पैशांवर शिकणाऱ्या मुलासाठीच लिहिलेले आहेत. दार उघडलं आणि उंबरा तेवढाच उंच ठेवला, असं हे झालं आहे.

आधी वर्षं मोजू. समजा वय ३४ आहे. नोकरी सांभाळून नीटची तयारी करायला दोन वर्षं धरा. ३६ व्या वर्षी प्रवेश. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप, म्हणजे पदवी हातात यायला साडेएक्केचाळीस. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून शिकलात तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे प्रवेशावेळी लिहून दिलेली सक्तीची नोकरी. ती पगारी असते, तिला तोटा समजू नये. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस मोकळा होतो. एमडी-एमएस करायचं तर नीट-पीजीची तयारी आणि आणखी तीन वर्षं. सत्तेचाळिशी गाठली जाते.

म्हणून हृदयशस्त्रक्रिया किंवा तत्सम स्वप्न घेऊन या वयात निघू नये. एमबीबीएसवर थांबून उत्तम जनरल प्रॅक्टिस करायची, फार तर फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी किंवा डीएनबी करायचं, एवढ्यावर ज्याचं समाधान आहे त्याच्यासाठीच हा मार्ग आहे. त्रेचाळीस ते अडुसष्ट अशी पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस ही काही थोडी नव्हे. पण एमबीबीएस म्हणजे अर्धवट डॉक्टर असं ज्याला मनातून वाटतं, त्याला ही वर्षं खात राहतील.

पात्रतेत पहिला अडसर अनेकांच्या ध्यानातही नसतो. महाराष्ट्रात ज्यांनी बारावीला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हा दोनशे मार्कांचा बायफोकल विषय घेतला, त्यांतल्या बहुतेकांनी त्या बदल्यात दुसरी भाषा आणि बायोलॉजी सोडलेलं असतं. इंजिनीअर झालेल्यांत असे पुष्कळ. नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय बारावीच्या पातळीवर उत्तीर्ण लागतात आणि पीसीबीत मिळून खुल्या प्रवर्गाला ५०, राखीवला ४० टक्के. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने स्पष्ट केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी उत्तीर्ण केलं तरी चालेल. त्यासाठी राज्य मंडळाचा आयसोलेटेड, म्हणजे सुट्या एकाच विषयाचा अर्ज किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस), असे दोन मार्ग आहेत. राज्य मंडळात बायोलॉजीला ७० मार्कांचा लेखी पेपर आणि ३० मार्कांचं प्रात्यक्षिक असतं. त्या प्रात्यक्षिकासाठी एखाद्या ज्युनिअर कॉलेजशी आधीच बोलून ठेवावं लागतं आणि बोर्डाचा अर्ज परीक्षेच्या काही महिने आधीच भरावा लागतो. जानेवारीत जाग आली तर ते वर्ष गेलं. राज्याच्या कोट्यात बसायला अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, हेही ज्यांचं शिक्षण बाहेर झालं त्यांनी सुरुवातीलाच पाहावं.

दुसरा अडसर कागदांचा, आणि तो बायकांना जास्त नडतो. राज्य मंडळाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि तेही माहेरचं. आधार कार्डावर सासरचं नाव. पॅनवर एखादं अक्षर तिसऱ्याच पद्धतीने. नीटच्या अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायचं असतं आणि ओळखीचा पुरावा जुळला नाही की आधी अर्जात आणि मग थेट कागदपत्र तपासणीच्या टेबलावर अडचण येते. तिथे दुरुस्तीला दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, नाव बदलल्याचं राजपत्र आणि आधारची दुरुस्ती हे सगळं अर्ज निघण्याआधी सहा महिने हाती घ्यावं. जात वैधता प्रमाणपत्र लग्न झालेल्या बाईलाही वडिलांकडच्या कागदांवरच मिळतं. त्यासाठी आजोबांच्या वेळचा शाळेचा दाखला गावच्या शाळेतून काढावा लागतो, आणि ते एका सुट्टीत उरकणारं काम नाही. शेवटच्या शिक्षणसंस्थेचा सोडल्याचा दाखला, मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र, नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर चालू वर्षाचं, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ही बाकीची यादी. ज्या इंजिनीअरिंग कॉलेजातून बारा वर्षांपूर्वी बाहेर पडलात तिथून दाखला मिळवायला निकालानंतर धावू नका.

आता परीक्षा. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बायोलॉजीचे ९०, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. मधली काही वर्षं पर्यायी प्रश्न होते आणि वेळ २०० मिनिटांची होती, ती सवलत २०२५ पासून गेली. कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि मोठ्या माणसाची गाडी नेमकी इथेच अडते. दहा-बारा वर्षं एक्सेलवर काम केलेल्या माणसाला फिजिक्सची संकल्पना कळते, सूत्रही आठवतं, पण हातावर भागाकार आणि घातांक करताना दोन-अडीच मिनिटं जातात. अठरा वर्षांच्या मुलाला तेच पन्नास सेकंदांत जमतं, कारण तो दोन वर्षं तेवढंच करतोय. बायोलॉजीत उलट घडतं. मोठी माणसं समजून वाचतात आणि समजलं म्हणजे झालं असं धरून चालतात; प्रश्न मात्र एनसीईआरटीच्या वाक्यातल्या एका शब्दावर, आकृतीखालच्या ओळीवर, तक्त्यातल्या उदाहरणावर येतो. ११ वी आणि १२ वीची एनसीईआरटीची बायोलॉजीची पुस्तकं ओळीनओळ चार-पाच वेळा झाली पाहिजेत, आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून आठवून पाहिलं पाहिजे. ३६० गुण तिथे आहेत. नोकरी करणाऱ्याने बायोलॉजी आणि केमिस्ट्रीवर भिस्त ठेवावी आणि फिजिक्समध्ये रोज पाऊण तास हातगणित करत फक्त वेग वाढवावा.

तासांचा हिशेबही प्रामाणिकपणे करावा. आठवड्याचे पाच दिवस तीन-तीन तास आणि शनिवार-रविवार आठ-आठ, म्हणजे ३१ तास. साठ आठवड्यांत साधारण १,८६० तास. रिपीटर बॅचचा, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणारा मुलगा रोज दहा तास बसून तीनशे दिवसांत तीन हजार तास करतो. म्हणून एका वर्षात नोकरी सांभाळून सरकारी जागा मिळवणं बहुतेकांना शक्य होत नाही. दोन वर्षांची तयारी धरावी आणि दुसऱ्या वर्षी परीक्षेआधीचे तीन-चार महिने जमल्यास बिनपगारी रजा घ्यावी. नोकरी सोडू नये. परीक्षा दुपारी दोन ते पाच असते, आणि तीच ऑफिसात जेवणानंतर डोळे जड होण्याची वेळ. रविवारच्या सराव परीक्षा त्याच वेळेत, ओएमआर उत्तरपत्रिकेवर काळ्या बॉलपेनने गोळे भरत द्याव्यात. नुसतं मोबाइलवर उत्तर दाबून सराव करणाऱ्यांचे शेवटी गोळे भरायचे राहून जातात.

गुणांचं लक्ष्य ठेवण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये सुरुवातीला ६७ जणांना ७२० पैकी ७२० दाखवले गेले; २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. पेपर सोपा-अवघड होतो तसे गुण वरखाली होतात. क्रमांक बघा. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलं बसली आणि बारा लाखांच्या वर पात्र ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, महाराष्ट्रात बारा हजारांच्या. पात्र ठरणं आणि जागा मिळणं यांत एवढं अंतर आहे, आणि घरच्यांना ते आधीच समजावून सांगावं, नाहीतर ‘पास झालास ना, मग?’ हा प्रश्न येतो. ज्याला पहिल्याच प्रामाणिक सराव परीक्षांत, तीन-चार महिन्यांच्या अभ्यासानंतर, साडेतीनशेच्या पुढे जाता येत नाही, त्याने तिथेच पुनर्विचार करावा. हा माझा अंदाजाचा आकडा आहे, पण तो कुठेतरी ठरवून ठेवावाच लागतो.

जागा कुठे? ठाण्याजवळची सगळ्यात सोयीची म्हणजे कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. ते ठाणे महापालिकेचं आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेलं. ठाण्याहून एक स्टेशन. नवी मुंबईकराला ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलायची. २०२४ मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं. सकाळी गर्दी मुंबईकडे जाते, त्यामुळे ठाण्याहून अंबरनाथकडे जाणाऱ्या गाडीत बसायला आणि पुस्तक उघडायला जागा मिळते. साडेपाच वर्षांच्या प्रवासात हे क्षुल्लक नाही. मुंबईत सायन, केईएम, नायर, जे.जे. यांचे कट-ऑफ राज्यात सगळ्यात वरचे. नवी मुंबईत नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम. पैकी डी. वाय. पाटील आणि एमजीएम ही अभिमत विद्यापीठं आहेत, तेरणा खासगी, राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कक्षेतलं.

नीटचा निकाल लागला की राज्याच्या सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करायची असते. ती आपोआप होत नाही. पसंतीक्रम भरताना सगळीकडे एकच सल्ला मिळतो: जितकी कॉलेजं लिहिता येतील तितकी लिहा. एकट्या मुलासाठी तो बरोबर आहे. संसारी माणसासाठी तो चुकीचा आहे. यादीत गोंदिया किंवा गडचिरोली लिहिलं तर ते मिळू शकतं, आणि मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांवर पाणी सोडावं लागू शकतं. म्हणून पसंतीक्रम घरात बसून, नवरा-बायकोने मिळून, तीन गटांत करावा. रोज ये-जा करता येईल अशी कॉलेजं. सगळं घर हलवता येईल अशी. आणि घर सोडून एकट्याला राहावं लागेल अशी. तिसरा गट लिहायचाच नाही. दुसऱ्या गटाचा लोक पुरेसा विचार करत नाहीत. जोडीदाराची नोकरी बदलीची किंवा घरून करण्याची असेल तर घोडबंदरचा फ्लॅट भाड्याने देऊन लातूर-सोलापूरला राहणं ठाण्यात राहण्यापेक्षा स्वस्त पडतं, मुलांची शाळा बदलते एवढंच; आणि मूल पाचवीच्या आत असेल तर तो बदल फारसा जड जात नाही. नववी-दहावीत असेल तर हा पर्याय विसरा.

पैशाचं गणित इथून सुरू होतं. ५० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता सुमारे ४३,४००. शाळा, किराणा, औषधं, प्रवास, सोसायटी धरून ठाण्यात चौघांच्या घराचा खर्च हप्त्यासकट महिन्याला ९० हजार धरू. जोडीदार ७० हजार कमावत असेल तर महिन्याला २० हजारांची तूट, वर्षाला २ लाख ४० हजार. साडेपाच वर्षांत १३ लाख २० हजार. सरकारी कॉलेजची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास धरली तर साडेचार वर्षांत पावणेसात लाख. म्हणजे वीस लाख, वर महागाई. हे पैसे नोकरी सोडण्याच्या दिवशी मुदतठेवीत किंवा तशाच सुरक्षित जागी असावेत. शेअर बाजारात किंवा ‘पुढे बघू’त नसावेत. आणि मुलांच्या शिक्षणासाठी वेगळे ठेवलेले पैसे यात मोजू नयेत.

अभिमत विद्यापीठात हेच गणित कोसळतं. तिथली फी वर्षाला वीस लाखांच्या वर असते. साडेचार वर्षांत कोटीच्या घरात जाते. एक कोटीचं शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ७ हजार, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालच्या कंत्राटी एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचं मानधन साठ हजारांच्या आसपास असतं. वडिलांचं रुग्णालय तयार असलेल्या मुलाला हे जमेल. पगारदार संसारी माणसाने कर्ज काढून ही जागा घेऊ नये. नेरूळचं कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर आहे म्हणून मन वळतं, पण ती दहा मिनिटं फार महागात पडतात. परदेशी एमबीबीएस तर लहान मुलं असलेल्याने विचारातच घेऊ नये: तिथे किमान ५४ महिने अभ्यास, तिथेच बारा महिने इंटर्नशिप, परत आल्यावर इथली परवाना परीक्षा आणि पुन्हा इंटर्नशिप.

राजीनाम्याच्या आधी करायची दोन कामं अशी की जी नंतर होतच नाहीत. कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतंत्र कुटुंब विमा आधीच घ्यावा, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. बीपी-शुगर असलेल्या आईवडिलांचा विचार करा. टर्म इन्शुरन्सही पगाराची स्लिप हातात असतानाच काढावा, विमा कंपनी उत्पन्न बघूनच रक्कम ठरवते.

कॉलेज सुरू झालं की वेगळीच अडचण समोर येते. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तास, डिसेक्शन हॉलमध्ये तासन् तास उभं राहणं, फॉर्मॅलिनने चुरचुरणारे डोळे, आणि घरी आल्यावर मुलाचा गृहपाठ. हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते. पहिल्या वर्षाला चार प्रयत्नांची मर्यादा, आणि पूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत संपवावा लागतो. इंटर्नशिपमध्ये रजा वर्षभरात १५ दिवस, आणि मानधन घराचा हप्ता भागण्याइतकंही नसतं. अशा विद्यार्थ्याचं वर्ष वाया जातं ते बहुतेक वेळा डोकं कमी पडल्याने नाही. मुलाला डेंग्यू होतो, सासऱ्यांचं ऑपरेशन येतं, बाई कामावर येत नाही, आणि प्रॅक्टिकलची हजेरी ७६ टक्क्यांवर अडकते. एक वर्ष मागे पडलं की वीस लाखांच्या हिशेबात आणखी अडीच-तीन लाख आणि एक वर्षाचा पगार वजा. त्यामुळे पहिल्या दीड वर्षासाठी दुपारी मुलाला कोण सांभाळणार, तो आजारी पडला तर रजा कोण घेणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. ‘आई आहे ना’ ही व्यवस्था नव्हे. आई साठीची असते आणि तिलाही कंबरदुखी असते.

इथे घरातली एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पुरुष डॉक्टर व्हायला निघाला तर लोक विचारतात, घर कसं चालणार? बाई निघाली तर विचारतात, मुलांचं काय? दोघांनाही दोन्ही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. बाई वैद्यकीयला गेली आणि घरात स्वयंपाक, पालकसभा, लसीकरण तिच्याकडेच राहिलं, तर तिचा अभ्यास रात्री अकराला सुरू होतो. महाराष्ट्रात शासकीय आणि महापालिका कॉलेजांतल्या राज्य कोट्यात महिलांसाठी ३० टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण आहे, ते मोलाचं आहे. पण प्रवेशानंतरची पाच वर्षं तिला नवऱ्याचं आरक्षण लागतं: आठवड्यातले ठरावीक तास, जे कशानेही मोडायचे नाहीत.

एवढं सगळं असताना समाजाने अशा माणसाच्या शिक्षणावर खर्च का करावा? जनतेच्या पैशातून चालणारी जागा सदतिशीच्या माणसाला दिली तर देशाला पंधरा-वीस वर्षांची सेवा कमी मिळते, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण सेवेची वर्षं मोजताना ती कुठे होते हेही मोजायला हवं. अठराव्या वर्षी आलेल्या हुशार मुलाला एमबीबीएस ही पायरी वाटते. तो पीजीला जातो, सुपर-स्पेशालिटीला जातो, परदेशात जातो, आणि त्यात गैर काही नाही. नागरी आरोग्य केंद्रात बसून रोज शंभर माणसं तपासणारा, त्याच वस्तीत वीस वर्षं टिकणारा डॉक्टर मात्र मिळत नाही. महापालिकांच्या एमबीबीएस डॉक्टरांसाठीच्या थेट मुलाखतींच्या जाहिराती पुन्हा पुन्हा निघतात त्या उगाच नाही. ठाण्यात घर, मुलं शाळेत, आईवडील जवळ असलेला बेचाळिशीतला डॉक्टर कळव्या-दिव्याला किंवा दिघ्याला नोकरी मिळाली तर ती सोडून जात नाही. नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. ज्याने स्वतः मुलाचा ताप आणि वडिलांची साखर सांभाळली आहे त्याला त्या घरात काय विचारायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता शासनाकडे मागायचं काय. राज्य सेवेच्या सरळसेवा भरतीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ आहे. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी प्रवेश देणारं राज्य खुल्या प्रवर्गातल्या त्याच माणसाला पदवी मिळेपर्यंत आपल्या कायम नोकरीतून बाद करतं आणि कंत्राटी जागेवर बसवतं. एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी पदासाठी वयाची अट पदवीच्या तारखेपासून मोजावी, जन्मतारखेपासून नव्हे. हजेरीच्या नियमात मुलाच्या किंवा आईवडिलांच्या रुग्णालयातल्या भरतीसाठी वर्षाला दहा दिवसांची सवलत आणि बुडालेल्या प्रॅक्टिकलची सुट्टीच्या दिवशी भरपाई अशी तरतूद हवी. दर्जा त्याने घसरत नाही, कारण प्रॅक्टिकल बुडवण्याऐवजी नंतर केलं जातं. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाळणाघर हवं, आणि ते विद्यार्थी, परिचारिका, निवासी डॉक्टर सगळ्यांना खुलं हवं.

सगळ्यात मोठी अडचण पैशाची, आणि तिच्यावर ठाणे महापालिका स्वतः उपाय करू शकते, कारण तिचं स्वतःचं कॉलेज आहे आणि स्वतःची आरोग्य केंद्रंही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सरकार विद्यार्थ्याचा शिक्षणखर्च उचलतं आणि त्या बदल्यात सेवा घेतं, पण तिथे प्रवेशाला वयाची मर्यादा आहे आणि उमेदवार अविवाहित लागतो. महापालिकेने हाच करार संसारी विद्यार्थ्याशी करावा. वेगळा कोटा नको. गुणवत्तेवर कळव्यात जागा मिळवलेल्या, तिशीच्या पुढच्या विद्यार्थ्यांतून दरवर्षी पाच निवडावेत. महिन्याला ३० हजार, साडेपाच वर्षं, म्हणजे माणशी १९ लाख ८० हजार. बदल्यात बंधपत्रित वर्ष धरून पाच वर्षं महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात पूर्ण पगारावर सेवा, केंद्र घरापासून एका प्रवासाच्या अंतरावर. दंड भरून सुटण्याची सोय ठेवू नये. तशी सोय असली की पैसेवाले सुटतात. मध्येच शिक्षण सोडलं तर रक्कम साध्या व्याजाने हप्त्यांत परत. सगळ्या तुकड्या भरल्यावर या योजनेचा खर्च वर्षाला सुमारे एक कोटी होतो. सुरू केल्यापासून अकराव्या वर्षाच्या आसपास त्यातून शहराच्या आरोग्य केंद्रांत एका वेळी पंचवीस डॉक्टर कामावर असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांची मुलं तोवर ठाण्यातल्याच कॉलेजांत शिकत असतील.